येझदीची गिअरबॉक्स गळती: जाड तेल हा उपाय नव्हे

जुन्या टू-स्ट्रोक येझदी मोटरसायकलचं पुढच्या स्प्रॉकेटमागचं (चेन ओढणाऱ्या दातेरी चाकामागचं) तेल अडवणारं सील दोनदा बदलूनही गळतंय, असं सोलापूरच्या एकाने विचारलं; त्यावर ‘उन्हाळ्यात जाड तेल घाला’ असा सल्ला मिळाला, तो पटत नाही. या येझदीत क्लच आणि गिअर एकाच तेलात चालतात. जाड तेलाने गळती मंदावते, पण क्लच चिकटतो. स्प्रॉकेट काढा आणि सीलचा ओठ (रबराची आतली कडा) जिथे घासतो तिथे नख फिरवा. नख अडकलं तर खाच पडली आहे, नवं सीलही तिथेच गळणार. जागा असेल तर ते १ मिलिमीटर अलीकडे बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या भागावर येईल. सीलची स्प्रिंग असलेली बाजू आत, तेलाकडेच हवी.

आणि खाली थेंब नसताना तेल घटतंय, सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतोय, तर क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) क्लचकडचं सील तपासा. ते गेलं की इंजिन गिअरबॉक्समधलंच तेल ओढून जाळतं.