डायल-अपला लाईन टिकत नाही, लाईनमन म्हणतो 'फोन चालू हाय की'

मंडळी, मदत हवी आहे. सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, खाली टॉवेलचे यंत्रमाग, वर घर. मुंबईच्या व्यापाऱ्याला डिझाइनचे फोटो मेलने पाठवायचे, तेवढ्यासाठी डायल-अप, म्हणजे फोनच्याच लाईनवरून नंबर फिरवून चालणारं इंटरनेट, घेतलं. संगणक लाईनला जोडणारा मोडेम ५६ केचा, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ५६,००० बिटचा. उन्हाळ्यात ४४,००० ला लागायचा. पहिला पाऊस पडला आणि तेव्हापासून २८,८०० ला लागतो, घसरत १४,४०० वर येतो आणि तुटतो. त्या वेगाला एक एमबीचा फोटो म्हणजे दहा मिनिटांच्या वर. मध्येच तुटला की पुन्हा पहिल्यापासून, आणि कॉल नव्याने मोजायला सुरुवात.

तीनदा तक्रार केली. पहिल्यांदा कोणी आलंच नाही, कागदावर मात्र दोष दूर झाला. दुसऱ्यांदा लाईनमनदादा आले, ऑफिसला फोन लावून 'हॅलो, ऐकू येतंय का' विचारलं आणि म्हणाले, "फोन चालू हाय की ओ! इंटरनेटचं आमच्याकडं नसतंय." चहा घेऊन गेले. तिसऱ्यांदा दोष आमच्या मागांच्या मोटारींवर. अहो, माग बंद असतात त्या रात्रीही तीच रड! शेजारच्या काकांकडे मागच नाहीत, त्यांच्याही फोनवर खरखर. दोघांच्या वायरी कोपऱ्यावरच्या एकाच डीपी बॉक्समधून, म्हणजे घरोघरी फोनच्या तारा वाटणाऱ्या पेटीतून, येतात. त्याचं झाकण लोंबतंय, आत चिमणीचं घरटं.

मित्राचा मोडेम लावून पाहिला, वरचा जादा फोन काढला. फरक शून्य. फोन कंपनीला नेमकं काय सांगू?

प्रतिसाद १
तक्रारीतून 'इंटरनेट' हा शब्द आधी काढा. कंपनी लाईन देते ती बोलण्यासाठी, साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ. मोडेम मंद चालतो ही त्यांच्या लेखी तक्रारच नाही; 'बोलताना खरखर येते' ही आहे. रिसीव्हर उचलून एकच आकडा दाबा, डायल टोन थांबेल. मग शांतता हवी. खरखर ऐकू आली तर तोच पुरावा, लाईनमनच्या कानाला लावा. पण त्याआधी घरातली सगळी वायर सोडवून, बाहेरची लाईन जिथे आत येते तिथेच फोन जोडून ऐका. नाहीतर 'तुमच्या घरातलीच वायर खराब' म्हणून मोकळे होतील.

पावसाशी संबंध आहे म्हणजे जोडात पाणी शिरलंय, हे जवळपास नक्की. माणसाचा कान खरखरीतूनही शब्द उचलतो, मोडेमला ते जमत नाही. तो चुका होताहेत म्हटल्यावर वेग उतरवत जातो.

प्रतिसाद २
जोड साफ करून भागलं नाही तर तुमच्या फोनची तारांची जोडी बदलून मागा. केबलमध्ये मोकळी जोडी बहुधा असते. एक विचारून ठेवा, तुमच्या जोडीवर दोन कनेक्शन चालवणारं यंत्र तर बसवलेलं नाही ना? तसं असेल तर जोड सोन्याचे केले तरी ३३,६०० च्या वर जाणार नाही. पण उन्हाळ्यात ४४,००० मिळत होते म्हणता, तेव्हा आधी नसावं. यंदा बसवलं असेल तर माहीत नाही.

मूळ प्रश्नकर्ता
आत्ताच दाराशी फोन जोडून एक दाबून ऐकलं. कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज! काकांकडेही तेच. आता दोन घरांची वेगवेगळी तक्रार टाकतो, 'बोलताना ऐकू येत नाही' एवढंच लिहून. दादांना भर पावसात बोलवतो. चहा डीपी बॉक्स उघडल्यावर.