मदत हवी आहे: बचत गटाचं ऑनलाइन दुकान बंद पाडलं, पैसे अडकले, सीसीआयकडे जाता येते का? (कापसाची नाही, दुसरी सीसीआय)

वावरातून_वर्धा

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब होणार आहे, आधीच माफी.

आर्वीपासून आत १४ किलोमीटर आमचं गाव. वहिनीचा ११ बायांचा बचत गट आहे, उन्हाळ्यात सरगुंडे, मुगवड्या अन् वर्षभर जवसाची चटणी. दोन वर्षांआधी मीच त्यांना नादी लावलं, एका मोठ्या ऑनलाइन बाजारावर खातं उघडून दिलं. नाव टाकत नाही, पैसे अजून तिकडेच आहेत अन् वहिनी म्हणते उगाच डिवचू नका भाऊजी. पहिलं वर्ष भारी गेलं. चटणी पुण्याले गेली, ठाण्याले गेली, एकदा तर गुवाहाटीले. बाया कुरिअरच्या पावतीवरचा पत्ता एकमेकींले वाचून दाखवत.

दिवाळीनंतर काय झालं तर जवस चटणी असं शोधलं की सगळ्यात वर त्याच बाजाराच्या स्वतःच्या ब्रँडची बरणी दिसायला लागली, आमच्याहून ३० रुपयांनं स्वस्त, आमची कुठं तर चार वेळा बोट फिरवल्यावर. वर यायचं तर जाहिरातीचे पैसे भरा. भरले बाप्पा तेही. मग कमिशन, पाठवणी, कोणी माल परत केला तर त्याचाही खर्च आमच्याच माथी, असं सगळं कापून २४९ च्या बरणीमागे हातात १०२ रुपये, त्यात जवस, तीळ, तेल, काचेची बरणी आलं. कोणत्या ११ बाया यात काय कमावतील सांगा.

अन् आता मागच्या महिन्यात खातंच बंद. इंग्रजीत दोन ओळी, धोरणाचं उल्लंघन झालं म्हणून. कोणतं धोरण ते लिहिलं नाही. १८,६४० रुपये त्यांच्याकडं. तक्रार करायला गेलं की मशीन बोलते. आमच्याकडं मारुतीच्या देवळाच्या ओट्यावरच धड रेंज येते, तर वहिनीनं तिथं बसून मराठीत लिहिलं, "माणूस द्या बोलायला". उत्तर आलं, "तुमची समस्या सुटली का? हो / नाही". नाही दाबलं की पुन्हा पहिल्यापासून. सात वेळा नाही दाबलं तिनं, मी मोजलं.

कोणीतरी म्हणलं सीसीआयकडे तक्रार करा. घरी सांगितलं तर बाबा म्हणे सीसीआय काय करन, ते तं कापूस घेते. मग शोधल्यावर समजलं की मोठ्या कंपन्यांच्या मनमानीवर लक्ष ठेवणाऱ्या स्पर्धा आयोगाचं नावही सीसीआयच आहे.

तर विचारायचं हे, की आमच्यासारख्यांना तिथं जाता येते का, का ते फक्त मोठ्यांच्या भांडणासाठी? पैसे काढायचा दुसरा रस्ता कोणता? अन् खरं म्हणजे यात सरकारनं पडावं का? कारण माझा दोस्तच मले म्हणते, दुकान त्याचं, तुम्ही त्याच्या ओट्यावर बसले होते, त्यानं उठवलं तर काऊन रडता. मले याचं उत्तर देता आलं नाही.

कोर्टाची_पायरी

दादा, आधी पैशाचं बघू, तत्त्वाचं नंतर.

स्पर्धा आयोगाकडे माहिती कोणीही दाखल करू शकतं, बचत गटसुद्धा. फी लागते आणि कागद नीट लागतात. पण समजून घ्या, २००२ च्या स्पर्धा कायद्यात मोठं असणं हा गुन्हा नाही, मोठेपणाचा गैरवापर हा गुन्हा (कलम ४). म्हणजे आधी ती कंपनी त्या बाजारात वरचढ आहे हे दिसलं पाहिजे, मग तिने त्याचा गैरफायदा घेतला हे. आयोगाला प्रथमदर्शनी पटलं तर आयोगाच्या महासंचालकांकडे चौकशी जाते. आणि हे सगळं होऊन आयोग दंड करेल, तुमचे १८ हजार काढून देणार नाही, भरपाईसाठी वेगळा अर्ज अपील न्यायाधिकरणाकडे. वेळेचा अंदाज हवा असेल तर जानेवारी २०२० मध्ये व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टची चौकशी लावली होती, तिला फाटे फुटता फुटता वर्षं गेली. तुमच्या चटणीला एवढा दम नाही.

म्हणून तुमच्यासाठी जवळचा रस्ता: वहिनींना घेऊन तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीत जा. महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या विधी सेवा कायद्यात कलम १२ मध्ये स्पष्ट आहे. त्या वकिलाकडून नोटीस पाठवा, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याच्या नावाने. असा अधिकारी नेमून त्याचं नाव साइटवर टाकणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक आहे. त्याच नियमांत आहे की विक्रेत्या-विक्रेत्यांत फरक करत असाल तर ते अटींमध्ये लिहून ठेवा. त्यांच्या अटी डाउनलोड करा, लिहिलंय का बघा. स्वतःच्या बरणीला वर ठेवतो असं कोणी लिहीत नाही सहसा 🙂

ग्राहक आयोगात कंपनी म्हणेल की तुम्ही ग्राहक नाही, विक्रेते आहात. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून वस्तू घेणारा ग्राहकात मोडतो, सेवेलाही तेच लावा असा वाद घालता येतो. नक्की जिंकाल असं म्हणत नाही.

खातं बंद झाल्याच्या स्क्रीनचा फोटो तारखेसकट ठेवा. सात वेळा "नाही" दाबल्याचे पण.

पुसदचा_सध्या_पुण्यात

मी थोडं उलटं बोलतो, राग नका मानू. मी याच क्षेत्रात काम करतो. तुमच्या वहिनीची चटणी गुवाहाटीला कोणी नेली? सरकारनं नाही ना. त्याच बाजारानं नेली. आता लगाम लावा लगाम लावा म्हणून नियम वाढले की मोठी कंपनी पन्नास वकील ठेवते, मरतो तो नवीन छोटा. मार्च २०२४ मध्ये मोठ्या डिजिटल कंपन्यांवर आधीच नियम लावणाऱ्या डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला तेव्हा बऱ्याच जणांचं म्हणणं हेच होतं. आणि दंडानं होतं काय? ऑक्टोबर २०२२ मध्ये याच स्पर्धा आयोगाकडून अँड्रॉइडवरून गुगलला १३३७.७६ कोटींचा दंड झाला, तुमच्या गावात कोणाच्या फोनमध्ये फरक पडला सांगा.

यूपीआयचंच घ्या. एका ॲपकडं ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्यवहार नको असं यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवलं, मुदत दोनदा वाढवून ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत नेली. का? कारण लोकांना तीच दोन ॲपं आवडतात, जबरदस्तीनं दुसरीकडं कसं ढकलणार. कोणी चांगलं काम करून मोठा झाला तर त्याला छाटायचं का?

कोर्टाची_पायरी

फोनमध्ये फरक पडला, फक्त कोणी पाहिला नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये आयोगाच्या त्या आदेशाला स्थगिती नाकारली आणि त्याच महिन्यात गुगलनं जाहीर केलं की भारतात शोधयंत्र निवडता येईल, फोन बनवणाऱ्यांना त्यांची ॲपं सुटी घेता येतील. अर्थात मूळ तक्रार होती २०१८ ची. दंड म्हणजे वरातीमागून घोडं, तेवढं तुमचं खरं. युरोपनं म्हणूनच वेगळं केलंय, आधीच यादी काढली की हे हे मोठे, यांनी शोधात स्वतःचा माल वर ठेवायचा नाही, मार्च २०२४ पासून लागू. आपला मसुदा त्याच धर्तीवर होता.

आणि छोटा मरतो म्हणता, तर १ मार्च २०२४ ला गुगलनं प्ले स्टोअरवरून लग्न जुळवणाऱ्या भारतमॅट्रिमोनीसकट कितीतरी भारतीय ॲपं काढली होती, फीच्या वादावरून. सरकार मध्ये पडलं तेव्हा परत आली. हे काही छोटे नव्हते.

कारंजावाले_आबाजी

पोरहो, मी ७१ वर्षांचा, नातू टाइप करून राहिला, मी सांगून राहिलो.

एकाधिकार आम्हाले शिकवू नका. १९७२ पासून सरकारनंच कापसाचा एकाधिकार घेतला होता, दुसऱ्या कोणाले विकताच येत नव्हता. भाव बांधून भेटे हे खरं, पण चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, कधी भेटन ते देवाले माहीत. संकलन केंद्रावर बंडी लावून दोन-दोन रात्री बंडीखालीच झोपलो मी. अन् रात्रीतून राज्याच्या सीमेपार आदिलाबादकडं कापूस काऊन जाये ते बी सगळ्यायले माहीत आहे. म्हणून सरकारनंच दुकान टाका म्हणणाऱ्याले माह्या हात जोडून नमस्कार. घेणारा एकच असला की तो सरकार असो का कंपनी, विकणारा उभाच राह्यते रांगेत.

पण त्या दोस्ताले सांग, की ओटा त्याचा म्हणून काही बी चालत नाही. आमच्या कारंज्यात १८८६ मध्ये नियम लावून बाजार सुरू झाला, देशातला पहिला म्हणतात. मग १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस अन् धान्य बाजाराचा कायदा आला. इंग्रजाले काही आपला पुळका नव्हता, त्याच्या गिरण्यायले चोख माल पाह्यजे होता. तवा बी व्यापारी असंच म्हणले असतीन, काटा माहा, जागा माही, तुले पटत नसन तं जाय. जाशीन कुठं? बैल थकले, सांज झाली, पन्नास कोसावर दुसरा बाजार. म्हणून काट्यावर नियम आला, दलालावर आला. व्यापाऱ्याले कोणी मोठं होऊ नको नाही म्हटलं.

खेडा खरेदीवाला दारात येऊन कापूस मोजते तवा काटा त्याचाच, घेणारा तोच. क्विंटलमागे किती जाते ते आपल्याले माहीत असते तरी देतो, काहून का नड असते. तुह्या वहिनीचं तेच झालं. काटा त्याचा, दुकान त्याचं, अन् बाजूले चटणीची बरणी बी त्याचीच. मोठा राहू दे त्याले, पण मापारी अन् व्यापारी एकच माणूस नको, एवढंच माह्यं म्हणणं.

नातू म्हणते आबा लय झालं. थांबतो.

पुसदचा_सध्या_पुण्यात

आबाजी, बाजार समित्यांनी शेतकऱ्याचं किती भलं केलं त्यावर वेगळा धागा काढावा लागेल 😄 आमच्या बाबांना विचारा वजनातून कापल्या जाणाऱ्या कट्टीबद्दल. पण मापारी-व्यापारी वेगळे ठेवा हे पटलं. कंपनी तोडा वगैरे म्हणण्यापेक्षा हे करण्यासारखं आहे.

वर्धावाले भाऊ, एक तपासा: गटाची अन्नपदार्थांची जी एफएसएसएआय नोंदणी आहे तिची मुदत संपली का? पुष्कळदा खातं त्यावरूनच बंद होतं आणि मशीन फक्त "धोरण" म्हणतं.

वावरातून_वर्धा

सगळ्यांचे आभार, आबाजी तुम्हाले विशेष, बाबांना वाचून दाखवलं, ते दोन वेळा "बरोबर आहे" म्हणले, जे आमच्या घरी होत नाही.

पुसदचे भाऊ, तुमचं बरोबर निघालं बहुतेक. नोंदणीची मुदत खरंच संपली होती, मलाच लक्षात राह्यलं नाही, वहिनीनं मले चांगलंच झापलं. नवीन अर्ज टाकला. पण एवढंच कारण होतं तर एक ओळ लिहायला काय जात होतं त्यांचं? अन् नोंदणी संपली म्हणून आधी विकलेल्या मालाचे पैसे काऊन अडवायचे? अन् ती स्वस्तवाली बरणी वरच्यावर, त्याचा तर नोंदणीशी काही संबंध नाही.

मंगळवारी आर्वीच्या कोर्टात विधी सेवावाल्यांकडं जाऊन राहिलो, वहिनी अन् गटाच्या अध्यक्षताई दोघी सोबत. पायरीताई, त्या बाजाराच्या अटींचे ६३ पानं इंग्रजीत आहेत, ते सगळेच छापून न्यावे लागतील का फक्त कमिशन अन् पैसे रोखण्याचं पान चालेल? झेरॉक्सवाला पानाले २ रुपये घेते म्हणून विचारतो.

आणखी एक. २०० ग्रॅमच्या काचेच्या १४० बरण्या झाकणासकट पडून आहेत. अमरावती-वर्धा बाजूनं कोणाले लोणच्यासाठी पाहिजे असतील तर घेतल्या भावात देतो, इथंच सांगजा.