आजोबांचा जुना रेझर वापरायला काढलाय, गळा सोलवटतोय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दिवाळीआधी वाईच्या घराची आवराआवर करताना माळ्यावरची आजोबांची पत्र्याची ट्रंक उघडली. त्यात जुन्या चंचीत गुंडाळलेलं त्यांचं दाढीचं मशीन निघालं. आमच्याकडे रेझर कुणी म्हणायचंच नाही, मशीनच. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुटून घरी आले तेव्हापासूनचं असावं, असं बाबा म्हणतात. तीन तुकडे सुटे होतात: वरचं टोपण, मधली पट्टी आणि दांडा. पट्टीच्या कडेला कंगव्यासारखे दाते नाहीत, कड सलग आहे. त्यावर जिलेट आणि मेड इन इंग्लंड एवढंच वाचता येतं.

मी पंधरा वर्षं कार्ट्रिजवाला, म्हणजे पात्यांचं आयतं डोकं दांड्याला अडकवायचं तसला रेझर. एका कार्ट्रिजच्या पैशात साध्या पात्यांची पाकिटं येतात, म्हटलं करून बघू. दोनदा दाढी केली आणि दोन्ही वेळा कंठाच्या खाली मिरची लागल्यासारखी आग. दुसऱ्या वेळी बनियनवर रक्त. ऑफिसात जो तो विचारतोय, मांजर पाळलंय का?

काय काय केलं ते सांगतो, म्हणजे चूक पकडता येईल. मशीन आधी रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवलं, देवाची भांडी निघतात तसं निघेल म्हणून. एका कोपऱ्याची चकाकी गेली आणि खालचं पिवळं पितळ दिसायला लागलं. हे वाढत जाईल का? पातं सेव्हन ओ'क्लॉकचं, कोरं. क्रीम नेहमीचं ट्यूबमधलं, ब्रश स्वस्तातला. फेस सुरुवातीला भरपूर येतो, पण दुसऱ्या गालावर जाईपर्यंत बसतो आणि नुसती पांढरी पापडी उरते. सोसायटीत बोअरचं पाणी आहे, त्याचा संबंध असेल का?

आणखी एक. आजोबा पातं काचेच्या पेल्यात आतून बोटानं दाबून फिरवायचे, ती किर्रकिर्र अजून आठवते. एकेक पातं महिनाभर पुरवायचे. आताच्या पात्यांना तसं करायचं का?

प्रतिसाद
ट्रिमर घ्या आणि सुखी व्हा. (पळतो.)

प्रतिसाद
वर्णनावरून जिलेटचा टेक वाटतोय. हे मॉडेल 1938 साली आलं आणि पुढे कित्येक वर्षं बनत राहिलं. नवशिक्याला उत्तम, कारण जात्याच मवाळ आहे, म्हणून तर तुमचं रक्त बघून नवल वाटतंय. टेकनं इतकं कापून घ्यायला खास प्रयत्न लागतात! अमेरिकेत बनलेल्या जिलेटवर 1951 पासून अक्षर आणि आकडा असा कोड असतो, झेड 4 म्हणजे 1954 ची शेवटची तिमाही. तुमच्या मशीनवर तसलं काही दिसत नसेल तर सन शोधत बसू नका, दाढीला फरक पडत नाही.

चिंच बंद. भांडी घासायची पावडरही नको. वर निकेलचा पातळ मुलामा आहे, तो एकदा गेला की गेला. कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब आणि जुना टूथब्रश, बास. रोज पुसून कोरडं ठेवलंत तर डाग आहे तेवढाच राहील.

पेल्याचा उद्योग कार्बन स्टीलच्या पात्यांचा. ती लवकर गंजायची, बोथट व्हायची. 1960 च्या दशकात स्टेनलेस पाती आली आणि आताच्या पात्यांच्या धारेवर बारीक लेप असतो, तो पेल्यात घासून निघून जाईल. पाच-सहा दाढ्या करा, केस ओढायला लागलं की टाकून द्या. कुणी फेदर हे जपानी पातं सुचवलं तर आत्ताच ऐकू नका, भलतं तिखट आहे.

पातं बसवलेल्या मशीनचा बाजूनं एक फोटो टाकाल का? शंका आहे.

धागाकर्ता
टाकलाय. दांडा घट्ट आवळलेला आहे, काही हलत नाही.

प्रतिसाद
अहो, मधली पट्टी उलटी बसलीये!

फोटो मोठा करून बघा, पातं पोस्टकार्डासारखं सपाट आहे. टोपण आणि पट्टी, दोन्हींचा बाक एकाच दिशेला हवा, वाटीत वाटी बसते तसा. त्या दोघांमध्ये दाबलं गेलं की पातं कमानीसारखं वाकतं. त्या बाकामुळेच ते ताठ राहतं आणि धार पट्टीच्या कडेला जेवढी हवी तेवढीच बाहेर येते. पट्टी उलटी घातली की धार मोकळी. तुम्ही दोनदा जवळजवळ उघड्या पात्यानं दाढी केलीत. मान शाबूत आहे ना?

धागाकर्ता
मान आहे, लाज गेली. आत्ता सुलटी करून बघितली, पातं खरंच वाकतं. इतकं साधं होतं तर! बायको मागे उभी राहून वाचतेय आणि हसतेय.

प्रतिसाद
वडिलांचं सलून आहे, मी तिथल्याच बाकावर अभ्यास करून मोठा झालो, म्हणून बोलतो. माझे आजोबा धोकटी घेऊन वाड्यावस्त्यांवर जायचे, वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवल्याशिवाय गालाला लावत नसत. आता वडील पातं मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्यात घालतात. गिऱ्हाईक उठलं की ते फेकतात.

पट्टी सुलटी झाली तरी तुमचा हात कार्ट्रिजचाच राहणार. कार्ट्रिजची मान हलते, म्हणून दाबून ओढलेलं खपतं. इथं दाबायचंच नाही. दांडा शेवटाकडे बोटांत हलका धरा, मशीनचं वजन पुरतं. आधी नुसतं टोपण गालाला टेकवा, दांडा आडवा, मग दांडा हळूहळू खाली आणा. केस कापल्याचा खर्र असा आवाज आला की थांबा, तोच कोन, साधारण तीस अंशांचा. नळ बंद ठेवा, नाहीतर आवाज ऐकू येणार नाही.

गळ्याचं प्रकरण वेगळं आहे. दोन दिवस दाढी वाढू द्या आणि बोटं फिरवून बघा. वरून खाली खरखरीत लागलं, खालून वर मऊ लागलं, तर तिथले केस वर झोपलेत. पुष्कळांचे असतात, काहींचे आडवे असतात. तुम्ही गालाच्या ओघात वरून खाली ओढत आलात, म्हणजे नेमका गळ्यावर उलटा हात मारलात. पंधरा दिवस फक्त सुलट, एकच फेरी, दुसऱ्या हातानं कातडी ताणून. गुळगुळीत नाही झालं तर नाही झालं.

फेसाचं म्हणाल तर हो, बोअरचंच. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा साका होतो, फेसाला साबण उरतच नाही. प्यायच्या आरओचं वाटीभर पाणी कोमट करून घ्या. ब्रश भिजवून झटका, बदामाएवढं क्रीम घ्या, मग पाणी थेंबाथेंबानं घालत घोटत राहा. मोठे बुडबुडे दिसताहेत म्हणजे अजून घोटायचंय. दाट ताकासारखी चकाकी आली की लावा.

शेवटी गार पाणी आणि ओल्या गळ्यावर तुरटीचा खडा. जिथं झोंबेल तिथं आज हात जड पडला असं समजा. आणि हो, आत्ता गळा सोललेला आहे तोवर आठवडाभर मशीनला हात लावू नका.

धागाकर्ता (बारा दिवसांनी)
आठवडा थांबलो, त्यानंतर तीन दाढ्या झाल्या. पहिल्या दोन्हींत रक्ताचा एक थेंब नाही. तिसरीत डाव्या जबड्याच्या कोपऱ्यावर तुरटी झोंबली, तिथं मी आरशात बघताना हात फिरवून घेतो आणि दाबतो, हे आता कळलं. माझे कंठाखालचे केस चक्क आडवे आहेत, उजवीकडून डावीकडे. पंधरा वर्षं त्याच गळ्यावर कार्ट्रिज ओढत होतो आणि पत्ता नाही. आरओचं पाणी म्हणजे जादूच, क्रीम निम्मंच लागतं.

ट्रंकेत एक न उघडलेलं जुनं पाकीटही सापडलं, पाती मेणकागदात आहेत. वापरून बघू का? आणि वापरलेली पाती टाकायची कुठं? ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायला मन धजत नाही.

प्रतिसाद
जुनं पाकीट चंचीतच राहू द्या, तोंडाला लावू नका. वापरलेल्या पात्यांसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला पातं जाईल एवढी चीर पाडा आणि झाकण पक्कं चिकटवून टाका. भरायला बरीच वर्षं लागतात. भरला की चिकटपट्टीनं गुंडाळायचा, वर मोठ्या अक्षरात 'पाती' लिहायचं आणि कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात सांगून द्यायचा. पिशवीतलं सुटं पातं त्यांचाच हात कापतं.

धागाकर्ता
बिस्किटांचा डबा रिकामा केला. चीर आजोबांच्याच पटाशीनं पाडली, थोडी वाकडी गेलीये.