जुना कॅन्सर सांगितला नाही म्हणून विमा नाकारला, मदत हवी आहे (सोलापूर)

बाळीवेस: आईला पूर्वी कॅन्सर होता, बरा झालाय. आता विमा कंपनी नाही म्हणते, जुना आजार लपवला म्हणे. बरा झालेला आजार जन्मभर धरून बसायचा का? कायदा असेलच की. लवकर सांगा.

विमावाचक: पॉलिसीच दिली नाही, की क्लेम फेटाळला? पॉलिसी कुठल्या सालची? मध्ये खंड? शेवटची गोळी कधी घेतली?

सात रस्ता: विमा कायद्याचं कलम 45 लावा! तीन वर्षांनंतर कंपनीला बोलताच येत नाही.

विमावाचक: ते आयुर्विम्याचं कलम. आरोग्य विम्यात चालत नाही.

बाळीवेस: क्लेम हो. पित्ताशयाचं ऑपरेशन. पॉलिसी फेब्रुवारी 2019 ची, खंड नाही, फॉर्म एजंटने भरला. कॅन्सर स्तनाचा, उपचार बार्शीला, 2014 लाच संपले. गोळ्या तेवढ्या मे 2019 पर्यंत.

अशोक चौक: सिव्हिलमधून दिव्यांग कार्ड काढून घ्या.

होटगी रोड: ते कोणी विचारलंय? 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत कॅन्सर नाही. स्वरयंत्र किंवा पाय काढला असेल तर गोष्ट वेगळी.

विमावाचक: हार्मोनच्या गोळ्या म्हणजे उपचारच. त्यामुळे 'पॉलिसीआधीच बरी झाली' हा मुद्दा टिकणार नाही. मोरेटोरियमच्या नियमावर भांडा, तो असा: सलग 60 महिने पॉलिसी चालली की सिद्ध झालेली फसवणूक सोडून, माहिती दिली नाही या कारणावर क्लेम नाकारता येत नाही. 2024 आधी ही मुदत 8 वर्षं होती, म्हणून शेवटच्या नूतनीकरणाच्या कागदावर काय छापलंय ते बघा. विम्याची रक्कम मध्ये वाढवली असेल तर वाढीव रकमेचे महिने वेगळे मोजतात.

सात रस्ता: म्हणजे लपवून पाच वर्षं काढली की झालं.

होटगी रोड: कृपा करून असं कुणाला सांगू नका. फसवणूक सिद्ध झाली तर पॉलिसीच जाते. सांगून घेतली तर जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त 36 महिने थांबायचं. फ्रान्समध्ये 2022 पासून ठरावीक गृहकर्जाच्या विम्याला, उपचार संपून 5 वर्षं झाली की कॅन्सर सांगावाच लागत नाही. आपल्याकडेही हे व्हायलाच हवं.

बाळीवेस: 60 महिनेच छापलंय! पण 2022 ला 3 चे 5 लाख केले. बिल एक लाख ऐंशी.

विमावाचक: मग बिल जुन्या 3 लाखांतच बसतं. नकाराचं पत्र कलमासह लेखी घ्या. प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची, प्रत मागा, प्रश्न काय होता आणि सही कुणाची ते त्यातच दिसेल. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला तर विमा लोकपाल (विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी), पुणे. एक वर्षाच्या आत जायचं. फी नाही, वकील चालत नाही.

सात रस्ता: पुण्याला हेलपाटे कोण घालणार? इथल्या ग्राहक आयोगातच जा.

विमावाचक: तक्रार ऑनलाइन होते, सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते. आणि आयोगात केस टाकली की त्याच क्लेमसाठी लोकपाल दार उघडत नाही. आधी लोकपाल.

बाळीवेस: फॉर्मची प्रत आजच मागतो.