केनियात शेड बांधायला जातोय, बूट-हातमोजे-ड्रिल काय घ्यावं? (बजेट माणशी 3,500)

शरणपूरकन्या
नमस्कार मंडळी. आमच्या नाशिकच्या चर्चच्या तरुण संघाचे आम्ही नऊ जण जानेवारीत दोन आठवडे मोम्बासाजवळ जातोय (तरुण संघ नावालाच, त्यातले काका 64 चे आहेत). तिथल्या एका चर्चची प्राथमिक शाळा आहे, मुलं दुपारी आंब्याखाली बसून जेवतात आणि पाऊस आला की ताटं घेऊन वर्गात पळतात. त्यांच्यासाठी 30 बाय 20 ची शेड बांधायचीय, लाकडी खांब, कैच्या, वर पत्रे, खाली कोबा, कडेने कमरेएवढी भिंत. मालाचे पैसे आधीच पाठवलेत, खरेदी तिकडचेच करणार.
आमच्यात बांधकाम येतं ते एकट्या काकांना, ते रिटायर गवंडी. बाकीच्यांत दोन नर्स, एक बँकेत, मी अकाउंट्सला. तर बूट कुठले घ्यावे, हातमोजे कसले, आणि ड्रिल इथून न्यावं की तिकडे बघावं? बजेट माणशी साडेतीन हजार, सगळं धरून. जास्त खरंच नाहीये, तिकिटातच सगळे मोकळे झालोत.

दुबईरिटर्न
ताई बुटात कंजूषी करू नका. मी आठ वर्षं साईटवर काढली, माझे बूट साडेचौदा हजारांचे, जर्मन. अजून सोल तसाच आहे. एकदाच घ्या, चांगले घ्या.

सिडकोवासी
दादा बजेट वाचलंत का. साडेतीन हजारात सगळं म्हणताहेत त्या.

दुबईरिटर्न
वाचलं. पाय एकदाच मिळतात.

एमआयडीसी_अंबड
आमच्या कंपनीत सगळे सातशे-आठशेवाले सेफ्टी शूज घालतात, पाय सगळ्यांचे शाबूत आहेत. सातपूर-अंबडला सेफ्टीची दुकानं आहेत तिथे जा, नऊ जोड घेताय म्हटल्यावर भाव करा. फक्त एक नंबर मोठा घ्या, जाड मोजे बसले पाहिजेत, आणि आत्ताच घेऊन महिनाभर घरात घालून फिरा, नाहीतर पहिल्याच दिवशी टाचेला फोड. विमानात पायात घालून जा, दीड किलो वजन वाचतं. चेकिंगला स्टीलमुळे काढायला लावतात, तेवढं एक.
हातमोजे ठिपकेवाले कॉटनचे नका घेऊ. पत्र्याची कड ब्लेडसारखी असते, आमच्या एकाला चार टाके पडलेत. चामड्याचे घ्या.

मोहिनी_के
बूट सोडा, आधी पिवळ्या तापाची लस घेतली का?? आमचे दीर नैरोबीला गेले होते, तिकडे कुणी विचारलं नाही म्हणून खुशीत, आणि परत आल्यावर मुंबईत सहा दिवस क्वारंटाईन. लग्नाला म्हणून लवकर निघाले होते, लग्न हुकलं ते हुकलंच, वर जाऊबाई अजून ऐकवतात.

घाटवाट
केनियात जायला भारतीयांना ती लस लागत नाही. उगाच घाबरवू नका.

मोहिनी_के
जायला नाही लागत, यायला लागते!! आपलेच लोक मागतात. तेच तर लिहिलंय वर.

फार्मसीवाला
मोहिनीताई बरोबर आहेत. भारतात पिवळा ताप नाही पण डास आहेत, म्हणून तिकडून येणाऱ्याकडे कार्ड बघतात. लस ठरलेल्या सरकारमान्य केंद्रातच मिळते, आधी नाव लावावं लागतं, आणि कार्ड दहा दिवसांनी लागू होतं, म्हणजे आदल्या आठवड्यात घेऊन उपयोग नाही. एकदा घेतली की आता जन्मभर चालते. ज्यांना अंड्याची जोरदार अ‍ॅलर्जी आहे आणि ज्यांचं वय साठच्या वर आहे त्यांनी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ही लस घेऊ नये. तुमच्या काकांचं हे आधी बघा, ड्रिलचं नंतर.
मलेरियाच्या गोळ्यापण डॉक्टरांना विचारून आधीपासून सुरू करायच्या, किनाऱ्याला मलेरिया आहे. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्यांनी. खिळे, पत्रे, जुनी लाकडं यात हात घालणार आहात.

रोखठोक_नाशिककर
राग मानू नका पण नऊ जणांच्या तिकिटाच्या पैशात तिकडचे गवंडी लावून दोन-तीन शेड झाल्या असत्या. बँकेतला माणूस पाच हजार किलोमीटरवर जाऊन घमेली उचलणार, याला सेवा म्हणायचं का सहल? आणि इकडे त्र्यंबक, पेठकडे शाळांना छप्पर नाही ते कोण बघणार.

खवय्या_पंचवटी
तुम्ही गेल्या वर्षी थायलंडला कशाला गेला होतात मग, पेठला जायचं की.

रोखठोक_नाशिककर
मी सेवा करतो म्हणून नव्हतो गेलो.

शरणपूरकन्या
दादा, राग नाही. आमच्यातही यावर भांडण झालंय, पाळकसाहेबांनीच हा प्रश्न काढला होता. म्हणून ठरलंय असं की कामाला तिकडचे चार गवंडी-सुतार मजुरीवर आहेतच, त्यांना तिकडे फुंडी म्हणतात. मुकादम फुंडी, आम्ही बिगारी. आम्ही नसतो तरी शेड होणार आहे हे आम्हाला माहितीये. ती मंडळी दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे येऊन राहिली होती, त्यांनी बोलावलंय म्हणून जातोय.

जुनं_नाशिक
धाग्याचा विषय बुटांचा आहे तरी लिहितो, कारण शरणपूर आणि मोम्बासा ही नावं एका ओळीत आल्यावर गप्प बसवत नाही. अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडली की सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवायचे, त्यातली बरीच सीएमएस (चर्च मिशनरी सोसायटी) या इंग्रज मिशनने नाशिकला शरणपूरला आणली. इथे त्यांना लिहावाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम शिकवलं. पुढे 1870 च्या दशकात यातलेच लोक परत आफ्रिकेत गेले, मोम्बासासमोर फ्रिअर टाऊन वसलं त्यात हे होते. मुंबईचे जुने गव्हर्नर बार्टल फ्रिअर, त्यांचं ते नाव. आफ्रिकेत शोधमोहिमा काढणारा लिव्हिंगस्टन 1873 मध्ये वारला तेव्हा त्याच्याबरोबर जेकब वेनराइट होता तो नाशिकच्या शाळेतला, 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत लिव्हिंगस्टनचं दफन झालं तेव्हा हजर होता. म्हणजे नाशिकचं सुतारकाम तिकडे जाऊन दीडशे वर्षं झाली. फ्रिअर टाऊनला जाऊन याच, जवळच आहे.

एमआयडीसी_अंबड
भारी माहिती. पण ड्रिलचं राहिलंच.

दुबईरिटर्न
ड्रिल 18 व्होल्टचं ब्रशलेस घ्या, दोन बॅटऱ्या, किट साधारण पंधरा हजार.

सिडकोवासी
🙏

घाटवाट
न्या पण बॅटरी चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. माझी बॅग मुंबईला बाजूला काढली, मला खाली बोलावलं, बॅटरी गेली आणि फ्लाइट सुटता सुटता मिळाली. सुटी लिथियम बॅटरी केबिन बॅगेत न्यायची आणि ड्रिल चेक-इनमध्ये, दोन्ही उलट केलं की दोन्हीकडे अडकता. 100 वॉट-आवरच्या आतली चालते, 18 व्होल्ट 4 अँपिअर-आवर म्हणजे 72, त्यामुळे बसते. चार्जरला तिकडे ब्रिटिश टाइप तीन चौकोनी पिनांचा अ‍ॅडॅप्टर लागेल. व्होल्टेज आपल्यासारखंच.

फार्मसीवाला
मी तर म्हणेन ड्रिल नेऊच नका. लाकडावर पत्रा बसवायला तिकडे रबर वायसरचे खिळे मारतात, हातोडी पुरते. मोम्बासा खेडं नाहीये, हार्डवेअरची दुकानं आहेत, त्यातली कितीतरी आपल्या गुजराती लोकांचीच.

एमआयडीसी_अंबड
+1, हत्यारं तिकडेच घ्या आणि येताना शाळेला देऊन या.

खवय्या_पंचवटी
खायचं काय नेताय? चिवडा, लाडू, मेतकूट न्या. तिकडे चपाती आणि चाय दोन्ही मिळतं आणि त्याच नावाने मिळतं, पण दोन आठवडे तिखटाशिवाय कठीण.

मोहिनी_के
चिवडा न्या पण कॅरीबॅगेत बांधून नका नेऊ! 2017 पासून केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, दंड फार मोठा आहे. आपल्याला सवय, चपलापण पिशवीत, साबणपण पिशवीत. सगळं कापडी पिशव्यांत भरा, आणि नऊच्या नऊ जणांच्या बॅगा आदल्या रात्री तपासा.

घाटवाट
अजून एक. आता व्हिसा नाही, जानेवारी 2024 पासून ईटीए म्हणजे प्रवासाची परवानगी, तिचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. पण त्यात फिरायला चाललो असं लिहून तिकडे फावडं हातात घेऊ नका. फुकट केलं तरी ते काम, त्याला वेगळी परवानगी लागू शकते. बोलावणाऱ्या चर्चला तिकडच्या इमिग्रेशनमध्ये जाऊन विचारायला सांगा, लेखी उत्तर घ्या. हे बुटांपेक्षा महत्त्वाचं आहे.

शरणपूरकन्या
सगळ्यांचे खूप आभार, लस आणि परवानगी हे दोन्ही आमच्या डोक्यातच नव्हतं, खरं सांगते. तिकडच्या पाळकांना काल मेसेज केला, ते या आठवड्यात जाऊन विचारणार आहेत, उत्तर येईपर्यंत ईटीए भरत नाही. काकांना त्यांच्या डॉक्टरांनी तपासून लसीला हो म्हटलंय, आम्ही सगळे मुंबईला जाऊन घेणार.
बूट सातपूरला साडेसातशेने मिळाले, चामड्याचे हातमोजे 180, गॉगल 70. ड्रिल रद्द.
हत्यारं मात्र नेतोय, तुम्ही सगळे नको म्हणालात तरी. काका म्हणाले दुसऱ्याच्या थापीने मी भिंत करत नाही, तुम्ही फुंडीच्या हाताखाली जा, मीही जातो, पण थापी माझी. त्यांची थापी, ओळंबा, गुण्या, पाणसळ, एवढी एक बॅग वेगळी चाललीय चेक-इनमध्ये, साडेसहा किलो. थापी त्यांनी 1983 मध्ये घेतलेली आहे, मूठ तीनदा बदललीय. शाळेला देऊन येणार का विचारलं तर माझ्याकडे बघून उठूनच गेले.

दुबईरिटर्न
साडेसातशेच्या बुटांचा सोल दोन आठवड्यांत उघडतो, लिहून ठेवा.

एमआयडीसी_अंबड
माझे तिसरं वर्ष चालू आहे.

सिडकोवासी
ताई थापीला आणि ओळंब्याच्या टोकाला जाड कापड गुंडाळा, बॅग उघडणाऱ्याचा हात कापला तर सगळी बॅग बाजूला ठेवतील. आणि सातपूरचं दुकान कुठलं ते कळवा, मलाही दोन जोड हवेत.