आजोबांची रायफल बफ करायला देताय? आधी तिच्यावर लिहिलेलं वाचा

वाळवंटीकाठ

काल 'माळ्यावरची पेटी' यांनी तीन फोटो टाकले. सोबत एवढंच लिहिलं होतं: "आजोबांची शिकारीची रायफल सापडली. पोर्तुगीजांविरुद्धच्या राणे घराण्याच्या बंडातली आहे, बोल्टजवळ १८५७ कोरलंय. गंज खूप चढलाय. गावचा वेल्डिंगवाला बफ मारून आरशासारखी करून देतो म्हणतो. लाकडाला पॉलिश पेपर आणि टचवूड. हॉलमध्ये लावणार. परवान्याचं मागाहून बघू." खाली सगळ्यांनी 'झकास', 'वारसा जपलात' असं लिहून टाकलं. मला रात्रभर राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

पेटीबाब, तो १८५७ आकडा साल नाही, तो बंदुकीचा क्रमांक आहे. तोच आकडा नळी मागून बंद करणाऱ्या बोल्टच्या दांड्यावर आणि खालच्या पत्र्यावर पुन्हा दिसेल, बघा. राण्यांचं बंड म्हणता तर दीपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला १८५२ साली. तेव्हा रानात होत्या त्या ठासणीच्या बंदुका, तोंडातून दारू भरायच्या. तुमच्या फोटोत जर्मन माउझर पद्धतीचा बोल्ट आहे आणि बाजूला लांब नखासारखी काडतूस ओढणारी पट्टी आहे. हा बोल्ट १८९८ चा. बिनधुराची दारूसुद्धा १८८४ साली फ्रान्समध्ये निघाली. १८५७ मध्ये ही रायफल असणं शक्यच नाही.

खरं साल नळीच्या पोटाखाली असतं, लाकडाने झाकलेलं. जर्मन नळी असेल तर मुकुटाखाली बी, यू, जी अशी, नळी दाब सोसते का याच्या चाचणीची अक्षरं मिळतील. 'जी' म्हणजे आत आटे असलेली नळी. बेल्जियमची असेल तर अंडाकृतीत ई-एल-जी. त्यावर मुकुट असेल तर १८९३ नंतरची, नसेल तर आधीची. बर्मिंगहॅमच्या नळ्यांवर वेगळ्या खुणा. हे ठसे कागदाइतके उथळ असतात. बफिंगचं चाक दोनदा फिरलं की गेले, आणि मग तुमच्या बंदुकीचं वय सांगणारं जगात कोणी उरत नाही.

माझ्या काकांनी हेच केलं. दुनळी होती, बेल्जियमची असावी. 'असावी' एवढंच म्हणू शकतो, कारण चकचकीत नळीवर आता अंडाकृतीची अर्धी कड तेवढी उरली आहे. दस्त्याला इतका पेपर मारला की लाकूड लोखंडापेक्षा खाली बसलंय. बोट फिरवलं की कडा नखाला लागते. दर चतुर्थीला ती बघतो आणि पोटात तुटतं.

मुकुटाची खूण निघाली तर रायफल कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या काळातली, १९१८ च्या आधीची समजा. तेलाचा हात फिरवा, बाकी काही करू नका.

माळ्यावरची पेटी

माझ्या घरच्या गोष्टीला खोटं ठरवायला तुम्हाला तीन फोटो पुरले? पणजोबांकडून आजोबांकडे आली हे मी लहानपणापासून ऐकतोय. आजी सांगायची, रानात जाताना ते हिला देवाऱ्यापुढे ठेवायचे. आजी खोटं बोलायची असं म्हणायचंय का? आणि गंजलेली वस्तू स्वच्छ केली तर कोणाचं काय बिघडलं? माझी वस्तू, माझं घर.

निवृत्त हवालदार, फोंडा

बावीस वर्षं पलटणीत हत्यारं दुरुस्त केली, म्हणून बोलतो.

वाळवंटीकाठ, बफ मारू नका हे बरोबर. पण मुकुट म्हणजे कैसर हे साफ चूक. जर्मनीचा चाचणीचा कायदा १८९१ चा. त्यातले मुकुटाचे ठसे कैसर गेल्यावरही चालूच राहिले, १९३९ च्या कायद्याने गरुड येईपर्यंत. झुहल आणि झेला-मेलिस या जर्मन गावांतल्या नळ्यांवर बऱ्याचदा महिना आणि साल असे दोन आकडे असतात. ते शोधायचे. अर्धवट माहितीवर दुसऱ्याच्या आजीला खोटं पाडू नये.

दुसरं, 'काही करू नका' हेही मला पटत नाही. गंज थांबवला नाही तर तो तुमचे ठसे बफपेक्षा सावकाश खातो, पण खातोच. ढिला लाल गंज तेलात भिजवून काढायचा. ब्लूइंग, म्हणजे लोखंडावरचा निळा-काळा थर, उरलंच नसेल तर जुन्या पद्धतीने करायचं: मुद्दाम बारीक गंज आणायचा, नळी उकळत्या पाण्यात ठेवायची, लाल गंज काळा होतो, तारेच्या मऊ ब्रशने घासायचा, पुन्हा तेच. सहासात फेऱ्या. त्यात ठसा मरत नाही. हे काम परवाना असलेल्या कारागिराचं आहे. दुरुस्तीलासुद्धा कायद्याने परवाना लागतो, वेल्डिंगवाल्याने हात लावला तर तोही अडकेल.

आणि हत्यार चालतं असावं. भिंतीवरच्या मेलेल्या हत्याराकडे मला बघवत नाही.

कुळागर, सत्तरी

वय, ठसे, मुकुट. इथे आमची झोप उडाली आहे. परवा रात्री डुकरांच्या कळपाने सुरण आणि काटेकणगांचा अख्खा वाफा उपसला. आठ महिन्यांची मेहनत दोन तासांत संपली. गवे पोफळींत घुसतात ते वेगळंच, आणि गवा राज्यप्राणी, त्याच्याकडे डोळे वर करून बघायचं नाही. पेटीबाब, हवालदार म्हणतात तशी ती चालती करा. शेतीच्या रक्षणाचा परवाना काढा. बंदूक रानात शोभते, हॉलमध्ये नाही.

डिचोलीची माहेरवाशीण

चालती करा म्हणणाऱ्यांनो, थोडं थांबा.

माझे मामा १९८६ च्या पावसाळ्यात पारधीला गेले. सहा जण होते. झुडूप हललं, डुक्कर समजून बार काढला. बार काढणारा त्यांचाच जिवाभावाचा मित्र होता. चादरीत गुंडाळून चार मैल आणलं. मामीने त्यानंतर कधी लाल साडी नेसली नाही, आणि तो मित्र आमच्या दारावरून मान खाली घालून जायचा, मरेपर्यंत. ती बंदूकही 'आजोबांची' होती, तिच्याही गोष्टी सांगायचे. मला तिचं साल ठाऊक नाही आणि नको आहे.

कुळागर, सत्तरी

बाय, वाईट झालं. पण तुमच्या मामांचा अपघात आणि माझं शेत यांचा संबंध काय? पणजीत बसून शेतकऱ्याला शहाणपण शिकवणारे खूप झाले.

डिचोलीची माहेरवाशीण

मी पणजीत बसत नाही. मये गावात माझी स्वतःची शेती आहे आणि डुकरं माझ्याही शेतात येतात. संबंध हा, की रात्रीच्या अंधारात झुडपावर बार काढणाऱ्याला समोर काय आहे ते दिसत नाही. एवढंच म्हणणं आहे आणि ते मी मागे घेणार नाही.

पेडणे-भाटकार

बंदुकीचा विषय निघालाच आहे तर निवडणुकीचंही बोला. आचारसंहिता लागली की नोटीस: बंदूक जमा करा. २०२२ ला विधानसभा, २०२४ ला लोकसभा. दरवेळी डुकरांना जणू कळतंच. गेल्या खेपेला माझी एकनळी परत आली तेव्हा नळीत लाल भुकटी होती. वडिलांनी चाळीस वर्षं दर शनिवारी पुसलेली बंदूक, आणि कोणीतरी ती ओल्या भिंतीला टेकवून ठेवली होती. कोणाला विचारणार? सही करून घेतली आणि हातात दिली.

कुळागर, सत्तरी

हेच! सरसकट सगळ्यांच्या बंदुका घ्याव्यात असा नियमच नाही. कोणाची घ्यायची ते छाननी समितीने ठरवायचं असतं. आमच्या वाड्यावर कोणाचं काही छानलेलं मी पाहिलं नाही.

जुना शिकारी

जमा करणं परवडलं, निदान परत तरी मिळते. माझ्याकडे तीन होत्या, तिन्ही परवान्यावर. डिसेंबर २०१९ ला कायदा बदलला, तीनच्या दोन झाल्या. वारशाची असली तरी दोनच. तिसरी कुठली सोडायची? रोज वापरातली बारा बोअर ठेवली, वडिलांची .३१५ ठेवली, आजोबांची दुनळी सोडली. त्या दिवशी तिच्या दस्त्यावरून हात फिरवला, गालाच्या जागी लाकूड गुळगुळीत झालेलं होतं. त्यांचा गाल. ज्यांना माळ्यावर एक मिळाली आहे आणि पाटी कोरी आहे, त्यांनी 'मागाहून बघू' म्हणू नये. माझ्यासारखी निवड करायची वेळ तुमच्यावर आलेली नाही.

निवृत्त हवालदार, फोंडा

भाटकार, परत आलेल्या नळीला गंज चढला तो सगळाच ओलीचा नसेल. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार काढल्यावर नळीत मीठ उरतं, ते हवेतली ओल ओढतं. नुसत्या तेलाने ते जात नाही. आधी गरम पाणी, मग सुकवणं, मग तेल. शेवटचा बार काढल्यावर पाण्याने धुतली होती का?

पेडणे-भाटकार

नव्हती धुतली. वडील तेलच लावायचे. पण ओली भिंत होती ती होतीच.

वाळवंटीकाठ

धागा बंदुकीच्या वयाचा आहे, कृपा करून परत या. हवालदार, मुकुटाचं तुम्ही म्हणता ते पडताळून पाहिलं. माझं चुकलं. १९१८ ची रेघ मी मनानेच मारली होती. पण चालती करण्याला माझा विरोध कायम. ही ८×५७ मापाच्या काडतुसाची असेल तर धोका आहे. जुन्या नळीला ८.०७ मिलिमीटरची गोळी लागते, १९०५ नंतरच्या सैनिकी काडतुसात ८.२२ ची. काडतूस आत बसतं, पण गोळी नळीला मोठी पडते आणि दाब भलताच वाढतो. साल आणि ठसे वाचल्याशिवाय त्या घोड्याला बोट लावायचं नाही. वय ही नुसती हौसेची बाब नाही, ते इथे कळतं.

निवृत्त हवालदार, फोंडा

हे मात्र शंभर टक्के. नळीचं माप घेतल्याशिवाय मीही काडतूस घालू देणार नाही. चालती म्हणजे बोल्ट फिरावा, स्प्रिंग जिवंत असावी, एवढंच माझं म्हणणं. बार काढायलाच हवा असं नाही.

कायद्याचा विद्यार्थी, मडगाव

पेटीबाब, आजोबांचा परवाना त्यांच्याबरोबर संपला. आज ती रायफल तुमच्या घरात विनापरवाना आहे. 'बंद पडलेली आहे, जुनी आहे' हा बचाव टिकत नाही: शस्त्र कायद्याच्या कलम ४५ ची सूट फक्त अशा हत्याराला, जे दुरुस्त करूनही चालणार नाही. तुमची तर गंज काढला की चालेल. कलम २१ प्रमाणे विनाविलंब पोलिसांत किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करा, पावती घ्या, आणि वारस म्हणून अर्ज करा. २०१६ च्या नियमांत वारसासाठी तरतूद आहे. परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्याच्याकडे असली, तर हयातीतही वारसाच्या नावे करता येते. इथे ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी हे आत्ताच करून घ्या. माळ्यावर सापडायची वाट बघू नका.

माळ्यावरची पेटी

तीन दिवस मुद्दाम लिहिलं नाही, कारण रागात होतो.

दुकानदाराकडे जमा केली. त्याचा कारागीर साठीचा आहे. खालचे दोन स्क्रू काढायला त्याने पाऊण तास घेतला. स्क्रूच्या खाचेत बरोबर बसेल असं पातं आधी कानसीने घासून तयार केलं. मी विचारलं एवढं कशाला, तर म्हणाला, खाच सोलली की बंदूक बिघडवल्याची खूण जन्मभर राहते. लाकूड वेगळं झालं आणि आत नळी निळी होती. वरून सगळी तपकिरी आणि झाकलेला भाग जसाच्या तसा निळा. मुकुट, बी, यू, जी, सगळं होतं. शेजारी बारीक आकडे: ४ आणि २७. एप्रिल १९२७.

बोल्ट अडकला होता तो गंजाने नाही. आजोबा खोबरेल लावायचे, त्याची खळ झाली होती. रॉकेलमध्ये ठेवल्यावर सुटला. गंज सगळ्यात जास्त कुठे, तर चामड्याच्या पिशवीला लागून होती त्या बाजूला. पेटीत एक पोर्तुगीज परवानाही सापडला, अक्षरं पुसट, पण त्यावर आजोबांचं नाव आहे, पणजोबांचं नाही. म्हणजे आजोबांनीच घेतली.

आजी खोटं बोलली नव्हती. देवाऱ्यापुढे ठेवायचे ते तिने डोळ्यांनी पाहिलेलं. बंडाची गोष्ट कोणी जोडली ते आता विचारायला कोणी नाही. वाळवंटीकाठ, तुमची बोलण्याची पद्धत मला अजूनही आवडलेली नाही. पण बफ केली नाही ते तुमच्यामुळे.

डिचोलीच्या ताई, ती चालवायची नाही असं मी आईला सांगितलं आहे.

डिचोलीची माहेरवाशीण

बरं केलंत.

कुळागर, सत्तरी

तुम्हाला परवडतं, तुमचं भाट रानाला लागून नाही. असो. दस्त्याला काय लावणार?

निवृत्त हवालदार, फोंडा

जवसाचं तेल, दोन थेंब, तळहाताने गरम होईपर्यंत चोळायचं. आठवड्याने परत. टचवूड नाही. आणि चामड्याच्या पिशवीत परत घालू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही.

माळ्यावरची पेटी

पिशवी वेगळी ठेवली आहे. जमा केल्याच्या पावतीवर दुकानदाराच्या मुलाने 'वर्ष १८५७' लिहिलं होतं. थांबवलं, आणि तो आकडा क्रमांकाच्या रकान्यात लिहून घेतला.