मदत हवी आहे: मुलांना खेळायला धड जागा कुठे आहे?

निमा२४
शिवार चौकाच्या इकडे नुकतेच राहायला आलोय. जवळपास मुलांसाठी चांगली बाग आहे का? सोसायटीत खेळायची जागा नावाला आहे, तिथे गाड्या लागतात. चालत जाण्यासारखी एक बाग आहे, पण घसरगुंडीच्या पायथ्याशी खड्डा पडलाय आणि सी-सॉच्या दांड्याचा बोल्ट बोटभर बाहेर आलाय. त्यात अडकून धाकट्याची चड्डी फाटली, मांडीला चांगलंच खरचटलं. पुन्हा तिथे पाठवायची माझी तयारी नाही. सुट्ट्या लागल्यात, दोघं दिवसभर मोबाइल मागतात. गूगलवर शोधा असं कृपया कुणी सांगू नका. शोधून झालंय. सगळ्या बागांना चार तारे आणि फोटो कारंज्यांचे. लवकर सांगा प्लीज.

घाटवाट
कुठला शिवार चौक? गावाचं नाव तरी लिहा.

जुना चिंचवडकर
पिंपरी-चिंचवडमधल्या पिंपळे सौदागरचा म्हणत असणार त्या. ताई, पिंपळे गुरवला राजमाता जिजाऊ उद्यानात न्या. रिक्षावाल्याला डायनासोर गार्डन सांगितलं की पुरे. मुलं तो डायनासोर बघून हरखून जातात. निगडीची दुर्गा टेकडीही छान, झाडी भरपूर आणि शेजारीच अप्पूघर. ऑटो क्लस्टरजवळ सायन्स पार्क आहे. थेरगावचा बोट क्लब आहे. आपल्या भागात जागांना तोटा नाही, फक्त घराबाहेर पडायला हवं.

आरती के
काका, एवढी नावं दिलीत, पण मुलं केवढी आहेत ते विचारलंत का? दोन वर्षांच्या मुलाला घेऊन दुर्गा टेकडी कोण चढणार? निमा, मुलांची वयं, नेणार कोण, कशाने आणि किती वाजता, एवढं सांगा. त्याशिवाय काही सुचवण्यात अर्थ नाही.

घाटवाट
मुळात बागा हव्यातच कशाला? सगळीकडे तीच लाल-निळी प्लॅस्टिकची खेळणी. मुलांना माती, दगड, चढ-उतार द्या. आम्ही मुलगी चालायला लागल्यापासून तिला रविवारी पहाटे घोरावडेश्वरच्या डोंगरावर नेतो. पायऱ्या चढते, माकडं बघते, डबा खाते. पडली तर उठते. कधी मोबाइल मागितला नाही.

आरती के
रविवारी पहाटे ठीक आहे हो. मंगळवारी संध्याकाळी पोरांनी काय करायचं? त्यांना रोजची जागा हवी आहे.

बे एरियातला बाबा
इकडे अमेरिकेत ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शिकेत खेळण्यांखाली लाकडाचे तुकडे किंवा वाळूचा किमान ९ इंचांचा थर सांगितलाय आणि बऱ्याचशा खेळण्यांभोवती ६ फूट मोकळी जागा. २ ते ५ आणि ५ ते १२ वर्षांची मुलं वेगळ्या भागात खेळतात. आपल्याकडे नुसत्या फरशीवर झोपाळा ठोकलेला पाहिला की धस्स होतं.

घाटवाट
त्यांना विमानाचं तिकीट काढून देणार का?

बे एरियातला बाबा
थर किती ते बघायला तिकीट लागत नाही, काडी खुपसून बघता येतं. आणि एक गोष्ट कुठेही लागू आहे. लहान मुलाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून उतरू नका. मुलाचा बूट कडेला अडकतो, मोठ्या माणसाचं वजन मागून येतं आणि नडगीचं हाड मोडतं. आमच्या ओळखीत झालंय. इथले बालरोगतज्ज्ञ हे मुद्दाम सांगतात. मूल एकटं घसरलं आणि पाय अडकला, तर सहसा जागीच थांबतं.

स्वप्नील_आर्किटेक्ट
सगळे बाहेर शोधताय. सोसायटीतल्या जागेचं काय? ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवरच्या प्रकल्पात १० टक्के मोकळी जागा करमणुकीसाठी ठेवावी लागते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत हे स्पष्ट आहे. ती जागा पार्किंगला वापरता येत नाही. मंजूर नकाशाची प्रत मागा, त्यात ओपन स्पेस कुठे दाखवलीय ते बघा आणि कमिटीला लेखी पत्र द्या.

निमा२४
आम्ही भाडेकरू आहोत हो. अकरा महिन्यांचा करार आहे. कमिटीशी भांडायला लागले तर घरमालक आधी आम्हालाच फोन करेल.

मोठी ७ वर्षांची, धाकटा अडीच वर्षांचा. मी आणि नवरा दोघंही ऑफिसात, घरी यायला आठ वाजतात. मुलांना सासूबाई नेतात, साधारण पाचला. त्यांचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. एकट्या दोघांना घेऊन रिक्षात बसायलाही त्या घाबरतात. मला वाटलं जवळची बाग म्हटल्यावर कळेल.

आरती के
आता चित्र स्पष्ट झालं. मग काकांची यादी शनिवार-रविवारी तुम्ही दोघं घरी असाल तेव्हासाठी. रोजसाठी लिनियर गार्डन बघा, पिंपळे सौदागरातच आहे. लांबच लांब पट्टा आहे, त्यामुळे कुठूनही शिरलं तर आजींची फुकट पायपीट होईल. एका सुट्टीला तुम्ही स्वतः जाऊन या. खेळणी कुठे आहेत, त्याला जवळचं फाटक कोणतं, ते त्यांना दाखवून ठेवा.

तिथे गेल्यावर सगळ्यात आधी बाकावर बसून बघा. बसल्या जागेवरून घसरगुंडी आणि झोपाळा दोन्ही दिसायला हवेत. मोठी झोपाळ्याकडे पळाली आणि धाकटा दुसऱ्या टोकाला, तर आजी कुणामागे धावणार? माझ्या आईची हीच तारांबळ व्हायची. शेवटी मी बाग बदलली, खेळणी कमी होती पण सगळं एका नजरेत होतं. मग फाटक रस्त्यावर उघडतं का ते बघा. घसरगुंडीला हाताची मागची बाजू लावा. पत्र्याची असेल तर एप्रिलात पाचलाही तापलेली असते. आणि झोपाळ्याची साखळी जिथे वर अडकवलीय तो आकडा झिजलाय का, तेही.

जुना चिंचवडकर
पूर्वी हे काही बघावं लागत नव्हतं. आम्ही पुण्याला पेशवे पार्कात जायचो. फुलराणी या छोट्या आगगाडीत बसायचं, भेळ खायची आणि घरी.

मुग्धा७
फुलराणी! माझ्या लेकीलाही तीच आवडते. तिकडे ऊर्जा उद्यानही आहे.

आरती के
पिंपळे सौदागरहून सारसबागेशेजारी, रोज पाचला, गुडघेदुखीवाल्या आजी आणि दोन मुलं?

मुग्धा७
रोज नाही म्हटलं मी. एकदा तरी न्या एवढंच. मुलीला जिम्नॅस्टिक्सला घाला वाटल्यास, ७ हे चांगलं वय आहे.

स्वप्नील_आर्किटेक्ट
भाडेकरूने पत्र देऊ नये असं कुठे लिहिलंय? आणि मालकालाच पुढे करा की, फ्लॅटची किंमत त्याची आहे.

घाटवाट
यात मी स्वप्नीलशी सहमत. इमारतीच्या खाली जागा असेल तर आजींना रस्ता ओलांडायलाच नको. दुसरी भाडेकरू कुटुंबं असतीलच, पाच-सहा जणांनी मिळून संध्याकाळी ५ ते ७ तेवढ्या कोपऱ्यात गाड्या नकोत, एवढंच मागा. पूर्ण जागा मागितली तर वर्षभर मीटिंगाच होतील.

निमा२४
हे दोन तासांचं जमू शकेल. आमच्याच मजल्यावर अजून दोघींची मुलं आहेत, आज विचारते. लिनियर गार्डनला रविवारी जाऊन बघते. तिथे बसायला बाक खेळण्यांजवळ आहेत का कुणाला माहीत आहे? आणि शौचालय? धाकट्याचं डायपर नुकतंच सोडवलंय.

आरती के
बाक आहेत, खेळण्यांपासून किती लांब ते मात्र रविवारी तुम्हीच बघा. शौचालय उघडं असेलच असं धरून चालू नका, निघताना घरून करवून न्या आणि एक जादा चड्डी पिशवीत ठेवा. आणि त्या बोल्टचा फोटो काढून ठेवलाय का? बागेच्या फाटकावरच्या फलकावर देखभाल कुणाकडे ते लिहिलेलं असतं, तिथे तक्रार टाकाच. तुम्ही जाणार नाही, पण बाकीची मुलं रोज त्यावर बसतायत.

निमा२४
फोटो नाही काढला. उद्या ऑफिसला जाताना काढते.